साळूबाईच्या बिळातली ऊब

एका जंगलात – खवलेशास्त्रींना आता नीट आठवत नाही, पण ते जंगलच असावं, कारण तिथे सभा फार होत – चार बलाढ्य प्राणी राहत होते. वाघ, हत्ती, गवा आणि अस्वल.

मुलांनो, खवलेशास्त्री कोण, हे आधी सांगायला हवं. ते एक वयस्कर खवले मांजर होते. नावात मांजर असलं तरी मांजराशी त्यांचं नातं काही नव्हतं. अंगभर खवले, लांब नाक, आणि भीती वाटली की अंगाचा चेंडू करून पडून राहायची सवय. शास्त्रीबुवा फार शिकलेले होते. वाटेत दगड नसतानाही मुंग्यांची रांग का वळते, या प्रश्नावर त्यांनी निम्मं आयुष्य घालवलं होतं. उरलेलं निम्मं, आपलं उत्तर चुकलं तर नाही ना, या काळजीत चाललं होतं.

तर झालं असं, की एकदा मोहाच्या मोठ्या झाडावर वीज पडली. झाड जळलं. त्या वेळी जे चौघं जवळपास होते, त्यांनी एकेक निखारा उचलून घरी नेला. कसा नेला, ते विचारू नका. मोठी माणसं अशा गोष्टी घरी कशा नेतात हे कुणी विचारत नाही.

निखारा टिकवायचा, तर तो हत्तीच्या वाळलेल्या शेणात पुरून ठेवावा लागतो. आतल्या आत तो धुमसत राहतो. शेण संपत आलं की नवं लावायचं. एवढं केलं की निखारा वर्षानुवर्षं राहतो, असं म्हणत.

त्याचा उपयोग मात्र काही नव्हता. उन्हाळ्यात एक ठिणगी उडाली असती तर सगळं जंगल जळलं असतं, आणि ठिणगी उडवणाराही त्यातच गेला असता. हे चौघांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे निखारा कुणी वापरत नसे. तो फक्त असायचा. दोघं वाटेत भेटले की आधी एकमेकांच्या निखाऱ्याची चौकशी करायचे, मग मुलाबाळांची.

मग चौघांनी मिळून एक नियम केला. ज्यांच्याकडे निखारा आहे, त्यांनी तो ठेवावा. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी ठेवू नये.

एका सशाने भीत भीत विचारलं, "असं का, वाघोबा?"

"कारण निखारा फार धोक्याचा असतो," वाघ म्हणाला.

"मग तुमचा?"

"आमचा जुना आहे."

सशाला ते पटलं. वाघ जवळ उभा असला की सशांना पुष्कळ गोष्टी पटतात.

चौघांची सभा नदीकाठच्या कातळावर भरे. मतदानाची पद्धत सोपी होती. ठराव मान्य असेल त्याने शेपूट वर करायचं. चारही शेपटं वर झाली की ठराव पास. एक जरी खाली राहिलं तरी नापास. पद्धत उत्तमच होती. अडचण एवढीच, की अस्वलाचं शेपूट अगदी इवलंसं असतं आणि तेही केसांत बुडालेलं. ते वर आहे की खाली, हे अस्वलाखेरीज कुणाला कळत नसे. आणि अस्वल हे सभा संपल्यावर, कोण काय देतंय ते पाहून सांगत असे.

एका हिवाळ्यात बातमी आली, की ओढ्यापलीकडची साळिंदरं हत्तीचं शेण गोळा करतायत.

लगेच सभा भरली.

"शेण कशाला लागतं, हे काय मी सांगायला हवं?" वाघ म्हणाला. "निखारा ठेवायला. उघड आहे. त्यांची खारी टेकडी बंद करा. माती चाटायला मिळाली नाही की येतील वठणीवर."

खारी टेकडी म्हणजे खारट मातीची एक बारकी टेकडी. सगळं जंगल तिथे माती चाटायला येई. साळिंदरांचं तर त्यावाचून चालतच नसे. खारं मिळालं नाही तर त्यांच्या पिल्लांचे पाय लुळे पडत.

"सबुरीने घ्या," हत्ती म्हणाला.

"तुम्ही तर बोलूच नका, हत्तीदादा! शेण तुमचं आहे."

"मी कुणाला शेण देत नाही," हत्ती शांतपणे म्हणाला. "मी चालतो. ते पडतं. मागून कोण काय उचलतं, ते बघायला मला मान वळवता येत नाही."

"मग त्या बाजूने चालूच नका."

"चालण्याचं स्वातंत्र्य हा माझ्या कळपाचा फार जुना प्रश्न आहे. त्याला हात घालू नका."

गवा म्हणाला, "पुरावा असल्याशिवाय कुणाचं खारं तोडणं मला पटत नाही." गव्याची न्यायबुद्धी मोठी होती. शिवाय साळिंदरं जमीन उकरून कंद काढत, अर्धे खात आणि अर्धे तिथेच टाकून जात. ते उरलेले कंद गवा खात असे.

"तुमचं काय, अस्वलराव?"

अस्वल डिंक चाटत होतं. साळिंदरांनी झाडाची साल कुरतडली की झाडातून डिंक येतो. अस्वलाला तो फार आवडे. "मला दोन्ही बाजू पटतात," ते म्हणालं. "निखारा नको, हे तर झालंच. पण साली कुरतडणं थांबता कामा नये."

शेवटी ठरलं, की आधी तपास करावा. आणि तपास करायचा म्हणजे कुणीतरी शिकलेला माणूस हवा.

"पण माझा विषय मुंग्या आहे," खवलेशास्त्री काकुळतीने म्हणाले. "निखाऱ्यातलं मला काही कळत नाही."

"म्हणजे तुम्ही निःपक्षपाती आहात," वाघ म्हणाला.

शास्त्रीबुवा ओढा ओलांडून गेले. साळिंदरांची मुख्य साळूबाई बिळाच्या तोंडाशी बसली होती. पाहुणा आलेला पाहून तिने अंगावरचे काटे खाली केले. साळिंदरांत याला 'या, बसा' म्हणतात.

"या शास्त्रीबुवा. हुंगायला आलात ना? या, हुंगा सगळीकडे. लपवण्यासारखं काही नाही. खाऊ घालण्यासारखंही काही नाही, हे आधीच सांगते."

बीळ स्वच्छ होतं. आत गेल्यावर शास्त्रीबुवांना एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबरोबर शंका आली. बाहेर दहिवर पडलं होतं. इथे ऊब होती. कोपऱ्यात पळसाच्या पानांनी झाकलेला एक ढीग होता. ढिगावर साळूबाईची तीन पिल्लं झोपली होती. धाकटीचे काटे अजून मऊ होते आणि तिचा श्वास मध्येच अडकल्यासारखा वाटत होता.

शास्त्रीबुवांनी पानांखाली नाक घातलं आणि झटकन बाहेर काढलं.

"हे... हे गरम आहे."

"शेण आहे."

"शेण गरम कसं?"

"असतं गरम. आमच्या आजीपासून हिवाळ्यात पिल्लं शेणावरच झोपवतात. ओलं शेण आणायचं, दाबून रचायचं, पानं घालायची. ते आपलं आपण तापतं."

"आपलं आपण?" शास्त्रीबुवा म्हणाले. "हे माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही."

"तुमच्या वाचनात मुंग्या असतात, बुवा."

"पण आत निखारा नाही कशावरून?"

साळूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, निखारा असता तर पोरं वर झोपवली असती का मी?"

शास्त्रीबुवांना हा युक्तिवाद आवडला. पण युक्तिवाद म्हणजे पुरावा नव्हे. त्यांनी नखं पुढे केली. "ढीग उकरून पाहावा लागेल. क्षमा करा."

"पाहा की." साळूबाई बाजूला झाली. तिचा आवाज मात्र बदलला. "एवढंच सांगते. ढीग मोडला की गार पडतो. पुन्हा रचून तापायला बरेच दिवस जातात. मोठी दोघं काढतील तेवढी थंडी. धाकटीचं तुम्हीच बघा. हवं तर उकरा."

शास्त्रीबुवांनी धाकटीकडे पाहिलं. तिने झोपेतच नाक मुरडलं आणि ढिगाला आणखी बिलगली.

खवले मांजराची नखं जंगलात सगळ्यांत उत्तम खणणारी असतात. शास्त्रीबुवांनी ती मागे घेतली.

"मी... बाहेरूनच पाहिलं, असं सांगतो," ते म्हणाले.

"जे पाहिलंत ते सांगा," साळूबाई म्हणाली. "त्यातच आमचं भलं आहे."

दुसऱ्या दिवशी कातळावर शास्त्रीबुवांनी अहवाल दिला. "ढीग आहे. तो गरम आहे. धूर नाही. धुराचा वासही नाही. त्या म्हणतात, शेण आपोआप तापतं. मी उकरलं नाही, कारण वर पिल्लं झोपली होती."

"थोडक्यात सांगा," वाघ म्हणाला. "निखारा आहे की नाही?"

"नसावा."

"नसावा म्हणजे? नाही?"

"नाही असं छातीवर हात ठेवून..."

"म्हणजे आहे!"

"असंही नाही. म्हणजे, संभव कमी..."

"हो की नाही, शास्त्रीबुवा?"

चौघं त्यांच्यावर वाकले. शास्त्रीबुवांना वाटलं, आपल्याला खरंच काय माहीत आहे? नाकाला गरम लागलं, हे तरी नक्की का? थंडीने गारठलेल्या नाकाला काहीही गरम लागतं. त्यांचे पाय आपोआप पोटाशी गेले, शेपूट डोक्यावर आलं, आणि क्षणात कातळावर एक खवल्यांचा चेंडू उरला.

वाघाने चेंडूला पंजाने ढोसलं.

"पाहिलंत?" वाघ म्हणाला. "किती घाबरलेत ते. आत काय पाहिलं असेल, याची कल्पना करा."

"घाबरलेत? छे," गवा म्हणाला. "निवांत झोपलेत. धोका असता तर असे झोपले असते का?"

चेंडूच्या आतून शास्त्रीबुवा काहीतरी म्हणाले. पण चेंडूच्या आतून बोललेलं बाहेर ऐकू येत नाही.

मग मतदान झालं. वाघाचं शेपूट ताठ वर. हत्तीचं वर झालं, पण त्याने लगेच खुलासा केला की ते माशा हाकलण्यासाठी आहे. तरी मोजायचं तर मोजा. गव्याचं खाली होतं. 'पिल्लांसाठी सवलत ठेवली तर विचार करीन' असं तो म्हणाला. सवलत ठेवली. गव्याचं शेपूट वर झालं. राहिलं अस्वल.

"अस्वलराव, शेपूट वर करा."

"केव्हाच केलंय."

"दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाही, असं होतं का?" अस्वल म्हणालं. "मग साळिंदरांकडेही निखारा नाही म्हणायला हवं. तोही कुणाला दिसलेला नाही."

मग वाघाने अस्वलाला आपल्या हद्दीतली दोन मोहोळं देऊ केली. शेपूट वर आहे, हे सर्वांना दिसू लागलं.

ठराव असा झाला. साळिंदरांना खारी टेकडी बंद. पिल्लांना माणुसकीच्या नात्याने सवलत. मात्र पिल्लांनी आईशिवाय, स्वतःच्या पायांनी चालत यावं.

मुलांनो, खारं न मिळाल्याने ज्यांचे पाय लुळे पडतात, त्यांनी खारं चाटायला स्वतःच्या पायांनी यावं, यात चूक काय आहे ती सभेत कुणाच्या लक्षात आली नाही. शास्त्रीबुवांच्या आली होती. पण ते अजून चेंडूच होते.

बंदी चोख पाळली गेली. वाघाने टेकडीवर पहारा बसवला. हत्ती ओढ्यापलीकडे चालत राहिला आणि चालताना मान वळवत नव्हता. गवा कंद खात राहिला, पण आता खाताना निषेध नोंदवत असे. अस्वल डिंक चाटत राहिलं आणि म्हणत राहिलं की साळिंदरांशी संवाद तुटता कामा नये. ससे आपले आपण साळिंदरांशी बोलेनासे झाले. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

थंडी वाढली. एका सकाळी साळूबाई खवलेशास्त्रींच्या दाराशी आली. तिचे काटे निस्तेज झाले होते.

"धाकटीचे मागचे पाय गेले," ती म्हणाली. "मधल्याचे लटपटतात. मोठा तेवढा चालतो, तो टेकडीवर गेला होता. पहारेकऱ्याने हाकलला. म्हणाला, इतका नीट चालतोयस म्हणजे पिल्लू नाहीस."

शास्त्रीबुवांनी दारातली पानं सारून तिला बसायला जागा केली.

"तुम्ही नुसतं नाही म्हणाला असता तर?"

"मला खात्री नव्हती, साळूबाई."

"मग हो तरी म्हणायचंत. एकदाचं संपलं असतं."

"तीही नव्हती."

साळूबाई खाली बसली. तिला राग येत नव्हता; रागाला बळ लागतं. "बरं, शिकलेले आहात तर एवढं सांगा. आमच्याकडे निखारा नाही, हे मी दाखवू कसं?"

प्रश्न तर्काचा होता, त्यामुळे शास्त्रीबुवांना जरा हुशारी आली. "कसं दाखवणार? सगळे ढीग उकरून दाखवलेत, तरी ते म्हणतील दुसरीकडे पुरलाय. नसलेली वस्तू दाखवता येत नाही. तर्कशास्त्राने ते अशक्य आहे."

"आणि आहे हे दाखवायचं असेल तर?"

"ते सोपं. त्याला नुसतं गरम लागलं तरी पुरतं."

एवढं बोलून शास्त्रीबुवा थांबले. आपण काहीतरी बोलून गेलो, असं त्यांना वाटलं. पण काय ते कळेपर्यंत साळूबाई उठून गेली होती.

दोन दिवसांनी सभा भरली असताना ओढ्याकडून काहीतरी गडगडत येताना दिसलं. साळूबाई नाकाने एक मोठा गोळा ढकलत आणत होती. पळसाच्या पानांत बांधलेला. पानांच्या फटींतून, सकाळच्या गारठ्यात, पांढरं काहीतरी वर जात होतं.

"ए साळे!" वाघ गुरगुरला. "तुला इथे यायची परवानगी कुणी दिली गं?"

साळूबाईने गोळा कातळाच्या मधोमध आणून ठेवला.

"निखारा आहे," ती म्हणाली.

कातळ एका क्षणात मोठा वाटू लागला, कारण चौघंही त्याच्या कडेला गेले होते.

"कुठून आणलात?" गव्याने विचारलं.

"पूर्वीपासूनच होता. वाघोबांनी ओळखलंच होतं. त्यांच्यापासून काही लपत नाही."

वाघ खोकला. "साळूबाई," तो म्हणाला, "आपण जरा... तो जरा पलीकडे सरकवता का? वारं आमच्या बाजूचं आहे."

"सरकवीन. खाऱ्या टेकडीचं काय?"

"टेकडी तर सर्वांचीच आहे," हत्ती म्हणाला. "मी पहिल्यापासून सबुरीने घ्या म्हणत होतो."

"तपासून तरी पाहू," अस्वल हळूच म्हणालं. "खवलेशास्त्री आहेतच इथे."

शास्त्रीबुवा एक पाऊल पुढे आले. त्यांचं नाक थरथरत होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काही गरज नाही!" वाघ ओरडला. "नाही म्हणणाऱ्यांना तपासायचं असतं. आहे म्हणणाऱ्यांना तपासणं म्हणजे त्यांचा अपमान. भलतंच काही उकरू नका, शास्त्रीबुवा."

मतदान झालं. चारही शेपटं वर झाली. अस्वलाचंसुद्धा दिसलं. टेकडी उघडली. एवढंच नव्हे, तर ज्यांच्याकडे निखारा आहे ते जबाबदार, आणि जे जबाबदार त्यांना सभेत जागा, म्हणून साळूबाईला कातळावर बसायला एक सपाट जागा मिळाली. ती गव्याच्या शेजारी होती. गवा थोडा अंग चोरून बसला.

त्याच दुपारी साळूबाईची तिन्ही पिल्लं टेकडीवर पोचली. मोठा चालत आला. मधला लटपटत आला. धाकटीला हत्तीने सोंडेत उचलून आणून ठेवलं, आणि कातळावर परतल्यावर, आपण कळवळ्याने आणलं की काय, हे कुणाला विचारू दिलं नाही. कातळावरून टेकडी दिसत होती. धाकटीने मातीला जीभ लावली, डोळे मिटले, आणि पुन्हा लावली. साळूबाई पाहत राहिली.

"पुढचा विषय," वाघ म्हणाला. "ससे वाळकं गवत साठवतायत. म्हणतात, बिळात अंथरायला. आता वाळकं गवत कशाला लागतं, हे काय मी सांगायला हवं? सशांना टेकडी बंद करावी, असा ठराव आहे."

हत्तीचं शेपूट वर झालं. माशांसाठी. गव्याचं, सवलतीसह. अस्वलाने आपलं वर आहे असं सांगितलं.

सगळे साळूबाईकडे वळले. तिने सशांच्या बाजूला पाहिलं. मग टेकडीकडे पाहिलं. धाकटी अजून चाटत होती.

साळिंदराच्या शेपटीत पोकळ काटे असतात. ती वर झाली की खुळखुळ्यासारखी वाजते. त्या सभेच्या इतिहासात इतकं स्पष्ट मत कुणी दिलं नव्हतं.

शास्त्रीबुवांनी अंगाचा चेंडू केला. या वेळी त्याचा अर्थ कुणी लावला नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. वाघ म्हातारा होऊन मेला. त्याची गुहा उघडी पडली. खवलेशास्त्रीही आता फार थकले होते. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. ते गुहेत गेले. अगदी आतल्या कोपऱ्यात, पानांखाली, ढीग होता. छतातून पाणी झिरपत होतं आणि ढिगावर ठिबकत होतं. शास्त्रीबुवांनी नाक घातलं. गरम होतं. या वेळी वर कुणी झोपलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी नखं पुढे केली आणि ढीग वरपासून खालपर्यंत उकरला. त्यातून वाफ आली. आत शेण होतं. ओलं, काळं, कुजलेलं शेण. राखेचा कणही नव्हता.

म्हणजे शेण आपलं आपण तापतं. साळूबाईची आजी बरोबर होती. वाघाला हे ठाऊक होतं का, ते मात्र शास्त्रीबुवांना कळू शकलं नाही. एका ढिगावरून नियम काढू नये, म्हणून त्यांनी उरलेल्या तिघांकडे ढीग उकरायची परवानगी मागितली. तिघांनीही ती संरक्षणाच्या कारणास्तव नाकारली.

तात्पर्य – मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण आपल्याजवळ काही नाही, हे खरं असलं तरी चारचौघांत बोलू नये. त्याने मोठ्यांचा विश्वास उडतो आणि आपल्या घरची लहान मुलं आजारी पडतात.